नानांचे विवरणपत्र : जून ते नोव्हेंबर २०२५ च्या प्रकल्प नोंदी

२९ जून २०२५, रविवार

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, २२ जूनच्या पहाटे पक्षाघाताचा झटका आला आणि त्यात उजवा हात, उजवा पाय व वाचा गेली. रुग्णालयात आज आठवा दिवस आहे. दादा मस्कतहून येऊन पाच दिवस राहून गेला. जाताना त्याने आणि मी कामे वाटून घेतली, त्यात नानांचे आर्थिक व्यवहार माझ्याकडे आले. कार्यालयात मी प्रत्येक कामाची तारीखवार नोंद ठेवते, तशीच इथेही ठेवायचे ठरवले आहे, कारण चार महिन्यांनी कोणी विचारले की अमुक कागद कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर केला, तर उत्तर माझ्या आठवणीवर अवलंबून असता कामा नये.

पहिली मुदत प्राप्तिकर विवरणपत्राची. आर्थिक वर्ष २०२४-२५ चे विवरणपत्र एरवी ३१ जुलैपर्यंत भरावे लागते, पण २७ मे रोजी ही मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढवल्याचे जाहीर झाले. ही वाढ नसती तर आमच्या हातात जेमतेम महिना उरला असता.

३ जुलै, गुरुवार

साताऱ्याच्या घरी जाऊन नानांचे कपाट उघडले. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाचे कपाट कसे असावे, तसेच ते आहे : वर्षवार फायली, प्रत्येकीवर चिकटवलेली पट्टी, पट्टीवर टाकाने लिहिल्यासारखे अक्षर. निवृत्तिवेतनाचा फॉर्म १६, दोन बँकांची व्याजाची प्रमाणपत्रे, आरोग्यविम्याच्या पावत्या आणि पाच वर्षांच्या करबचत ठेवीची पावती अर्ध्या तासात हाती लागली.

पासवर्डांसाठी त्यांची निळी वही आहे. तिच्यात ‘प्राप्तिकर पोर्टल’ या ओळीसमोर नानांनी लिहिले आहे : ‘नेहमीचाच’. तो नेहमीचा कोणता, हे आईला ठाऊक नाही, दादाला नाही, मलाही नाही. आणि ज्यांना ठाऊक आहे ते सांगू शकत नाहीत.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

दादाचा फोन आला. त्याचे म्हणणे सरळ आहे : नानांच्या आधारला जोडलेला मोबाइल आईपाशी आहे, पासवर्ड विसरला तरी आधारच्या ओटीपीने नवा करता येतो, विवरणपत्राची पडताळणीही त्याच ओटीपीने होते, तर मग तू एवढा घोळ कशाला घालतेस? शेजारच्या काकांनी त्यांच्या आईचे असेच तीन वर्षे भरले, असेही त्याने सांगितले.

मी त्याला जे उत्तर दिले ते इथे लिहून ठेवते. ओटीपी टाकणे ही नानांची सही आहे. विवरणपत्राच्या शेवटी जे प्रतिज्ञापन असते ते ‘मी अमुक, अमुकचा मुलगा’ अशा प्रथमपुरुषी भाषेत असते, आणि नाना रुग्णालयात असताना, त्यांना विचारल्याशिवाय, त्यांच्या नावाने ते मी केले तर ते खोटे ठरेल. कोणी पकडेल की नाही हा प्रश्न वेगळा आहे. दादा म्हणाला, “तू नानांचीच मुलगी शोभतेस.” हे कौतुक होते की तक्रार, ते कळले नाही.

११ जुलै, शुक्रवार

सीए साहेबांकडे दीड तास बसले. आजची नोंद लांब होणार आहे, कारण पुढचे सगळे काम तिच्यावर उभे आहे.

प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम १४० मध्ये विवरणपत्राची पडताळणी कोणी करायची ते सांगितले आहे. व्यक्तीच्या बाबतीत ती स्वतः व्यक्तीनेच करायची, हा नियम आहे. पण त्याला जे अपवाद आहेत त्यांपैकी दोन आमच्या कामाचे आहेत. एक असा की व्यक्ती मानसिकदृष्ट्या स्वतःचा कारभार पाहण्यास असमर्थ असेल, तर तिच्या पालकाने किंवा तिच्या वतीने काम करण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीने पडताळणी करावी. दुसरा असा की अन्य कोणत्याही कारणाने व्यक्तीला पडताळणी करणे शक्य नसेल, तर तिने रीतसर मुखत्यारपत्र देऊन अधिकार दिलेल्या व्यक्तीने ती करावी आणि मुखत्यारपत्र विवरणपत्राला जोडावे. पहिल्या दारातून जायचे तर पालकत्व सिद्ध करावे लागते, आणि सज्ञान माणसाचे पालकत्व मुलगी आहे एवढ्यावर मिळत नाही. दुसऱ्या दारातून जायचे तर मुखत्यारपत्र देण्याइतकी समज देणाऱ्यापाशी असावी लागते. म्हणजे नानांना काय झाले आहे यापेक्षा नानांना किती समजते, हा खरा प्रश्न आहे.

मी सोबत २०१९ चे मुखत्यारपत्र नेले होते, जे नानांनी प्लॉटच्या कामासाठी दादाला करून दिले होते. सीए साहेबांनी ते उघडूनही पाहिले नाही. त्यात प्राप्तिकराचा उल्लेख नसणार, हे पहिले कारण. आणि दुसरे अधिक महत्त्वाचे असे की भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार देणारा माणूस मरण पावला किंवा त्याची मती ठिकाणावर राहिली नाही, की मुखत्यारी आपोआप संपते. आपण समजतो की आईवडिलांनी धडधाकट असताना मुखत्यारपत्र करून ठेवले की पुढची काळजी मिटली. प्रत्यक्षात ज्या दिवसासाठी ते केलेले असते, नेमक्या त्याच दिवशी ते निकामी होते. हे मला आजवर माहीत नव्हते आणि दादालाही नव्हते.

१८ जुलै, शुक्रवार

काल रुग्णालयातून सुटी मिळाली. मी मागितलेले वैद्यकीय प्रमाणपत्र कागदपत्रांसोबत दिले गेले आणि ते मी घरी येईपर्यंत वाचले नाही, ही माझी चूक. छापील नमुन्यात मजकूर भरून दिलेला होता : ‘रुग्ण शारीरिक व मानसिकदृष्ट्या असमर्थ असून व्यवहार करण्यास सक्षम नाही.’ नानांची समज कोणी तपासल्याचे त्यांच्या कागदांत कुठेही नाही. बोलत नाही म्हणजे कळत नाही, असे धरून कोणीतरी तो रकाना भरून टाकला आहे.

या एका ओळीने दुसरे दार बंद होते.

२६ जुलै, शनिवार

पहिल्याच दाराने जावे लागले तर काय करावे लागेल, याची माहिती आठवडाभर गोळा केली. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली स्थानिक समितीकडून पालक नेमून मिळतो, पण तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरता आहे. सत्तरीत पक्षाघात झालेला माणूस त्यात बसत नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती, पण त्याच्या जागी आलेल्या २०१७ च्या कायद्यात ती राहिली नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मर्यादित पालकत्वाची सोय आहे, मात्र त्यातला पालक दिव्यांग व्यक्तीच्या सोबतीने निर्णय घेणारा आहे, तिच्याऐवजी नव्हे. कोमात असलेल्या माणसांच्या बाबतीत कायद्यातली ही फट उच्च न्यायालयांनी भरून काढली आहे : अशा रुग्णाच्या पत्नीला पालक नेमणारा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला होता. पण त्यासाठी रिट याचिका, वैद्यकीय तपासणीचा अहवाल, मालमत्तेची यादी असे सगळे लागते, आणि पन्नास दिवसांत ते होण्यासारखे नाही.

मुदत टळली तर काय होते तेही पाहून ठेवले. उशिराचे विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते. पाच लाखांवर उत्पन्न असेल तर ५,००० रुपये विलंब शुल्क पडते. त्याच्याही पुढे गेले तर कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो, आणि १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार तो आकारणी वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचे वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. आजारपण हे त्यासाठी पुरेसे कारण व्हावे. पण या सगळ्यात एक गोष्ट कोणी चटकन सांगत नाही : वजावटी देणारी जुनी करप्रणाली हवी असेल तर तो पर्याय मुदतीत भरलेल्या विवरणपत्रातच निवडता येतो. उशीर झाला की नवी प्रणाली आपोआप लागू होते आणि नानांची कलम ८० खालची सगळी वजावट जाते. त्यामुळे खरी किंमत ५,००० पेक्षा जास्त आहे. आकडे हाती आले की मांडेन.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज वाचा-उपचार करणाऱ्या ताई घरी आल्या. त्यांनी नानांसमोर पेला, किल्ली, पेन आणि चष्मा ठेवून “किल्ली चष्म्यावर ठेवा” असे सांगितले. नानांनी डाव्या हाताने किल्ली उचलली, क्षणभर थांबले, चष्म्याची घडी मिटवली आणि मग तिच्यावर किल्ली ठेवली. काचेला ओरखडा पडू नये म्हणून. ताईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या तक्त्यात या गोष्टीसाठी रकाना नव्हता. नंतर त्यांनी वीसेक प्रश्न हो-नाहीचे विचारले. “तुम्हाला तीन मुलगे आहेत का?” यावर नानांनी मान इतक्या जोरात हलवली की आई हसली, झटका आल्यापासून पहिल्यांदा.

निदान असे की समजणे जवळजवळ शाबूत आहे, बोलणे आणि लिहिणे गेले आहे. याला वाचाघात म्हणतात.

९ ऑगस्ट, शनिवार

ताईंचा अहवाल घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी स्वतः नानांना तपासले आणि नवे प्रमाणपत्र दिले : ‘रुग्णास वाचाघात असून बोलता व लिहिता येत नाही, उजवा हात निकामी आहे. सांगितलेले समजते, विचारलेल्याला खुणेने सुसंगत होकार-नकार देतात. मानसिक क्षमता व्यवहार समजण्यास पुरेशी आहे.’ सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि तारीख दारातच उभी राहून तपासली. जुने प्रमाणपत्र फाडावेसे वाटले, पण फायलीत ठेवले आहे, कारण ते अस्तित्वात आहे आणि कधी पुढे आले तर दोन्हींच्या तारखा सांगता आल्या पाहिजेत.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मुखत्यारपत्र झाले. मसुदा वकिलांनी केला आणि मी तो मुद्दाम अरुंद ठेवायला सांगितला : प्राप्तिकराची विवरणपत्रे, त्यासंबंधीचा पत्रव्यवहार आणि परतावा, एवढेच. घर, ठेवी, विक्री यांतले काहीही नाही. नोटरी घरी आले, त्यांच्यासोबत साक्षीदार म्हणून गल्लीतले दोघे बसले. वकिलांनी मसुदा मराठीत एकेक कलम वाचून दाखवला आणि प्रत्येक कलमानंतर थांबून विचारले. तिसऱ्या कलमाला, परताव्याची रक्कम कोणत्या खात्यात जमा व्हावी यावर, नानांनी हात वर केला. मसुद्यात खात्याचा उल्लेखच नव्हता. आईने दोन्ही पासबुके समोर धरली, नानांनी निवृत्तिवेतनाच्या खात्यावर बोट ठेवले आणि तेवढे वाक्य हाताने वाढवून त्यावर सर्वांनी आद्याक्षरे केली.

मग शाई. नाना शाखा कार्यालयात असताना शेतकऱ्यांच्या पाणीमागणी अर्जांवर अंगठे उमटवून घेत आणि शेजारी स्वतःच्या हाताने ‘नि. डा. अं.’ असे लिहीत. आज पॅडवर त्यांचा स्वतःचा डावा अंगठा ठेवायची वेळ आली तेव्हा ते गप्प बसून राहिले. अंगठा नोटरींनी धरायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. स्वतःच टेकवला, उचलताना जराही घसरू दिला नाही, आणि कागद डोळ्यांजवळ नेऊन रेषा नीट उमटल्या आहेत की नाही ते पाहिले. ‘निशाणी डावा अंगठा’ हे शब्द नोटरींनी लिहिले. कोणी काही बोलले नाही. आईने चहा टाकला.

२३ ऑगस्ट, शनिवार

मुखत्यारी मिळाली तरी पोर्टलला ती कळवावी लागते. त्याचा क्रम असा : नानांच्या लॉगिनमधून ‘माझ्या वतीने दुसऱ्या व्यक्तीला अधिकार’ ही विनंती माझ्या पॅनच्या नावे पाठवायची, ती मी माझ्या लॉगिनमधून स्वीकारायची आणि मुखत्यारपत्राची प्रत जोडायची. कारणांमध्ये ‘अन्य कारण’ निवडले. नानांच्या लॉगिनसाठी पासवर्ड नवा करणे आले आणि त्यासाठी ओटीपी आला. पण आता नाना शेजारी खुर्चीत होते आणि फोन त्यांच्या डाव्या हातात होता.

ओटीपी मात्र येईना. चार वेळा प्रयत्न केला. शेवटी लक्षात आले की त्यांच्या बटणांच्या फोनमधली संदेशपेटी भरली आहे. २०२१ पासूनचे बँकेचे आणि विम्याचे संदेश त्यांनी जपून ठेवले होते. पुसू का, असे विचारले, तर नाही. मग त्यांनी स्वतः एकेक बटण दाबून फक्त जाहिरातींचे संदेश काढले. यात चाळीस मिनिटे गेली. नंतर ओटीपी पहिल्याच झटक्यात आला.

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरी-गणपतीत काम थांबले होते. आज आकडे मांडले. निवृत्तिवेतन ५,४०,०००, दोन्ही बँकांतील ठेवींवरचे व्याज २,९१,६००, जे वार्षिक माहिती विवरणाशी (प्राप्तिकर खात्याकडे आलेल्या व्यवहारांच्या तक्त्याशी) जुळते, त्यावर बँकांनी आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, २९,१६०. ज्येष्ठ नागरिक म्हणून आणि धंद्याचे उत्पन्न नसल्यामुळे आगाऊ कराचा प्रश्न नाही. पोर्टलवर अधिकार मिळाल्याचा निरोप अजून आलेला नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

निरोप आला. प्रतिनिधी म्हणून नानांच्या नावाचे पान माझ्या लॉगिनमधून उघडते.

१३ सप्टेंबर, शनिवार

आयटीआर-१ या विवरणपत्राचा मसुदा भरून छापला आणि नानांना वाचून दाखवायला बसले. हा भाग कायद्याने आवश्यक आहे असे नाही, मुखत्यारपत्राने तो माझ्यावर सोपवलेला आहे. पण माणूस समोर बसलेला असताना त्याच्या उत्पन्नाचा कागद त्याला न दाखवता पाठवणे मला जमले नसते.

व्याजाच्या आकड्यावर नाना थांबले. बोट ठेवून नकार. मी म्हटले, “नाना, बँकेच्या दाखल्याशी जुळतंय.” पुन्हा नकार. मी बँकांची नावे घेतली, त्यांनी दोन्हींना होकार दिला आणि मग पुन्हा त्याच आकड्यावर बोट आपटले. हे दहा मिनिटे चालले आणि खरे सांगायचे तर माझा आवाज थोडा चढला. तेव्हा त्यांनी कपाटाकडे हात केला. वरचा कप्पा, नाही, खालचा, नाही, मधला, त्याच्या मागे देवाच्या पुस्तकांखाली, हो. तिथे टपाल खात्याचे पासबुक होते : मासिक प्राप्ती योजनेत २०२३ मध्ये ठेवलेले अडीच लाख, ७.४ टक्क्यांनी महिना १,५४२ रुपये, वर्षाचे १८,५०४. वार्षिक माहिती विवरणात त्यांचा मागमूस नाही. आईलाही हे खाते माहीत नव्हते, आणि त्याविषयी तिने नानांकडे ज्या नजरेने पाहिले तिचा या नोंदीशी संबंध नाही.

त्या रकमेसह एकूण उत्पन्न ८,५०,१०४ होते. जुन्या प्रणालीत ५०,००० प्रमाणित वजावट, बचतीसाठी ८०सी खाली १,५०,०००, आरोग्यविम्यासाठी ८०डी खाली ५०,००० आणि ज्येष्ठांच्या व्याजासाठी ८०टीटीबी खाली ५०,००० वजा जाता करपात्र ५,५०,१०० आणि उपकरासह कर २०,८२०. म्हणजे ८,३४० परत मिळतील. हेच मुदत टळल्यावर भरले असते तर नव्या प्रणालीत ७५,००० वजा जाता कर २८,६१०, वर ५,००० शुल्क, म्हणजे उलट ४,४५० भरावे लागले असते. उशिराची किंमत एकूण १२,७९० रुपये.

१५ सप्टेंबर, सोमवार

काल दिवसभर आणि आज सकाळी पोर्टल रेंगाळत होते. भरलेले पान जतन होता होता पुन्हा लॉगिनवर येत होते. दुपारी पावणेचारला विवरणपत्र दाखल झाले. पडताळणीचा ओटीपी मागितला तो आला नाही. घाबरण्याचे कारण नव्हते, कारण दाखल केल्यापासून तीस दिवसांत पडताळणी केली की दाखल केल्याची तारीखच धरली जाते. मात्र तीस दिवस उलटले तर पडताळणीची तारीख ही दाखल केल्याची तारीख होते आणि सगळे उशिराचे ठरते.

१६ सप्टेंबर, मंगळवार

रात्री उशिरा मुदत आणखी एक दिवस वाढल्याचे जाहीर झाले. आम्हाला त्याची गरज पडली नाही. सकाळी सहा वाजता माझ्या आधारवरच्या ओटीपीने पडताळणी पूर्ण केली. पोचपावतीची छापील प्रत नानांना दिली, त्यांनी ती तारखेसह दोनदा पाहिली आणि ‘२०२४-२५’ च्या फायलीत लावायला आईकडे दिली. आईने ती विम्याच्या फायलीत लावली, ती परत काढून घेतली गेली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कलम १४३(१) खालची सूचना, म्हणजे विवरणपत्र तपासल्याचे प्राप्तिकर खात्याचे उत्तर, आली. आकडे आपल्याच विवरणपत्राप्रमाणे स्वीकारले आहेत. परतावा निवृत्तिवेतनाच्या खात्यात जमा झाला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हयातीचा दाखला. बँकेत नेणे शक्य नसल्यामुळे मोबाइलवर चेहरा दाखवून जीवनप्रमाण, म्हणजे डिजिटल दाखला, करायचे ठरले. त्या ॲपमध्ये डोळे मिटून उघडावे लागतात. नानांचा उजवा डोळा सावकाश मिटतो, म्हणून पहिल्या तीन वेळा ॲपने नकार दिला; खिडकीपाशी उजेडात खुर्ची नेल्यावर चौथ्या वेळी झाले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पुढच्या वर्षाची तयारी करून ही वही बंद करते. रुग्णालयाचा आणि औषधांचा खर्च ८०डीडीबी खाली, म्हणजे ठरावीक आजारांच्या उपचारखर्चाची वजावट म्हणून, दाखवता येईल म्हणून मी जूनपासूनची प्रत्येक पावती क्रमाने लावली होती, कारण चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगता असलेला वाचाघात त्या यादीत आहे. काल हिशेब केल्यावर लक्षात आले की २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे करच लागत नाही, आणि नानांचे उत्पन्न साडेआठ लाख आहे. पावत्यांची जाड फाइल विम्याच्या दाव्यासाठी ठेवली आहे.

येत्या फेब्रुवारीत नानांना पंचाहत्तर पूर्ण होतील. त्या वयाच्या ज्येष्ठांना निवृत्तिवेतन आणि व्याज एकाच विहित बँकेतून मिळत असेल तर कलम १९४पी खाली बँकच कर कापते आणि विवरणपत्र भरावे लागत नाही. आमच्याकडे दुसरी बँक आहे आणि टपाल खात्यातले ते अडीच लाख आहेत, म्हणून ही सोय लागू नाही. ठेवी एका ठिकाणी आणायच्या का, असे नानांना विचारले. त्यांनी नकार दिला. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू होत असला तरी २०२५-२६ चे उत्पन्न जुन्याच कायद्याखाली दाखवायचे आहे. तेव्हा पुढची तारीख ३१ जुलै २०२६. मुखत्यारपत्र तोवर चालेल, पण नानांची समज कायम असेल तरच, म्हणून मे महिन्यात डॉक्टरांकडून ताजे प्रमाणपत्र घ्यायचे आहे.

निळ्या वहीत पोर्टलचा नवा पासवर्ड लिहिला आहे. ‘नेहमीचाच’ हा शब्द नानांनी खोडू दिला नाही, म्हणून तो त्याच्या खाली लिहिला.